झाडांवर संशोधन करायचंय, पण पैसे कोण देणार?

गेल्या अंकात शहरातल्या झाडांच्या निगेबद्दल लिहिताना ‘आपल्याकडे यावर संशोधनच कमी होतं’ असं एक वाक्य मी जाता जाता लिहून गेले. ते अनेकांना झोंबलं. ‘करायला आम्ही तयार आहोत, पण निधी कुठून आणायचा ते सांगा,’ अशी पत्रं आली. त्यांतली सहा इथे घेतली आहेत. काहींनी नाव छापू नका म्हटलं होतं, म्हणून कोणाचंच छापलेलं नाही. मी वनस्पतिशास्त्र शिकवत होते आणि निवृत्तीनंतर निवड समित्यांवर प्रस्ताव वाचायला बसते, त्यामुळे उत्तरं टेबलाच्या पलीकडच्या बाजूने आली आहेत असं समजा.

मी कोल्हापूरला महाविद्यालयात सहायक प्राध्यापक आहे. ‘शहरी वृक्षांचे पर्यावरणीय महत्त्व : एक अभ्यास’ हा माझा प्रस्ताव दोनदा परत आला. शेरा दोन्ही वेळा तोच : नावीन्य नाही, व्याप्ती अस्पष्ट. रोज झाडं तुटताहेत, विषय इतका जिव्हाळ्याचा आहे, आणि यांना नावीन्य दिसत नाही? काय बदलू?

मॅडम, शीर्षकापासून सगळंच बदला. राग मानू नका, पण असे प्रस्ताव गठ्ठ्याने येतात. पहिली चार पानं झाडं प्राणवायू देतात, सावली देतात, आपल्या संस्कृतीत वडाला आणि पिंपळाला स्थान आहे, यात जातात. नमनालाच घडाभर तेल. वाचणारा माणूस झाडांच्या बाजूचाच असतो, त्याला झाडाचं महत्त्व पटवायची गरज नसते. त्याला एवढंच हवं असतं की तुम्हाला नेमकं काय माहीत नाही, ते माहीत झालं तर कोणाचं काम अडायचं थांबेल, आणि ते तुम्ही दोन वर्षांत कसं शोधणार.

एक उदाहरण घेऊन बोलते, कारण ते तुमच्या शहरालाही लागू आहे. आपल्याकडे शहरी भागातल्या झाडांसाठी 1975 चा वृक्ष संरक्षण व जतन कायदा आहे. 2021 मध्ये त्यात दुरुस्ती झाली. 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला ‘प्राचीन वृक्ष’, म्हणजे हेरिटेज ट्री, हा दर्जा आला. झाड तोडायची परवानगी मिळालीच, तर तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं लावायची, असंही ठरलं. पाच वर्षं किंवा त्याहून जुनी 200 किंवा जास्त झाडं तुटणार असतील तर प्रकरण राज्य वृक्ष प्राधिकरणाकडे जावं, असंही त्या दुरुस्तीत होतं. म्हणजे सगळा हिशेब झाडाच्या वयावर येऊन थांबला. आणि इथेच घोडं पेंड खातं, कारण रस्त्यावरच्या पर्जन्यवृक्षाचं वय सांगायचं कसं?

थंड प्रदेशात खोडाची वलयं मोजतात. आपल्याकडे सागवान पानगळीच्या हंगामात वाढ थांबवतो, त्यामुळे त्याची वलयं स्पष्ट उमटतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत सागाच्या वलयांवरून जुन्या पावसाचा अभ्यास झालेला आहे. पण शहरातल्या बहुतेक जातींच्या वलयांवर इतका भरवसा ठेवता येत नाही. शिवाय जिवंत झाडाला भोक पाडून नमुना काढायचा म्हणजे त्याला जखम करायची. म्हणून प्रत्यक्षात काय होतं? छातीच्या उंचीला, म्हणजे 1.37 मीटरवर, टेप गुंडाळतात आणि घेरावरून अंदाज बांधतात. एकाच्या अंदाजाने झाड 48 वर्षांचं, दुसऱ्याच्या अंदाजाने 53. या पाच वर्षांत त्या झाडाची कायद्यातली जागाच बदलते.

आता हा तुमचा प्रश्न होऊ शकतो : कोल्हापुरातल्या गुलमोहर, पर्जन्यवृक्ष आणि कडुनिंब या तीन जातींसाठी घेर आणि वय यांचं नातं काय? ज्यांचं वय नक्की माहीत आहे अशी झाडं शोधायची. ती कुठे सापडतील? तुमच्या महाविद्यालयाच्या आवारातच बघा. ‘माननीय अमुक यांच्या शुभहस्ते वृक्षारोपण’ अशी फरशी आणि खाली तारीख. या फरश्यांचा आजवर कोणाला काही उपयोग झाला असेल असं मला वाटत नाही, तुम्हाला होईल. मात्र फरशीशेजारचं झाड तेच आहे की पहिलं मेल्यावर शेजारी दुसरं लावलं, हे जुन्या शिपायाला, माळ्याला विचारून घ्या. महाविद्यालयाच्या वार्षिकांकातले फोटो काढा. रेल्वे वसाहती, कृषी महाविद्यालयं, जुन्या गृहनिर्माण संस्था, कारखान्यांची आवारं, सगळीकडे लागवडीच्या नोंदी निघतात. परवानगी घेऊन तोडलेल्या झाडांच्या बुंध्याच्या चकत्या महापालिकेच्या उद्यान विभागाकडून मागा, त्यात वलयं दिसतात का तेही तपासा.

मग रकाना पाडा : झाड मोकळ्या मातीत आहे की चारी बाजूंनी काँक्रीट आहे, पाणी मिळतं का, दरवर्षी छाटणी होते का. काँक्रीटमध्ये आवळलेलं झाड वयाच्या मानाने बारीक राहत असेल, तर फक्त घेर बघून आपण त्याचं वय कमी धरतो आणि त्याच्या बदल्यात कमी झाडं लावतो. हे खरं आहे की नाही ते तुम्ही आकड्यांनी दाखवाल. बघा, त्रास सोसलेल्या झाडाचीच किंमत कमी लागते की काय, हा प्रश्न कागदावर आला की समितीतला झोपाळलेला सदस्यही सरळ बसतो.

मोजमापाच्या अडचणी प्रस्तावात आधीच लिहा. गुलमोहराचं बूड पंख्यासारखं फाकतं, तिथे 1.37 मीटरचा घेर फसवा येतो. मग फुगवट्याच्या वर मोजणार का? फांद्या खालूनच फुटल्या असतील तर काय करणार? वड मी मुद्दाम यादीत घेतला नाही, कारण पारंब्या खोडाला चिकटून एकजीव झाल्या की कशाचा घेर मोजायचा हाच वाद होतो. असं लिहिणारी बाई झाडाजवळ उभी राहिलेली आहे हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. नावीन्य म्हणतात ते हेच.

पाठवायचं कुठे? सुरुवात विद्यापीठाच्या छोट्या संशोधन योजनेतून करा. रक्कम कमी असते, पण शे-सव्वाशे झाडांची प्राथमिक मोजणी तेवढ्यात होते, आणि मोठ्या अर्जाला ‘आमच्याकडे सुरुवातीचे आकडे आहेत’ हे वाक्य फार उपयोगी पडतं. त्यानंतर राज्याचा राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग आणि केंद्राचं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन. पूर्वीचं एसईआरबी, म्हणजे केंद्राचं विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ, आता यातच विलीन झालेलं आहे, तेव्हा जुन्या सहकाऱ्याने दिलेला जुना फॉर्म भरत बसू नका. उद्यान अधीक्षकांचं एक पानी पत्र जोडा. ‘आम्ही सहकार्य करू’ एवढंच नको. ‘या तक्त्याचा उपयोग आम्हाला वय ठरवताना होईल आणि वृक्षगणनेची माहिती आम्ही देऊ’ असं त्यात हवं. कायद्यानुसार दर पाच वर्षांनी वृक्षगणना व्हायला हवी, त्यामुळे माहिती नाही असं त्यांना म्हणता येणार नाही.

आमच्या डोंबिवलीच्या ज्येष्ठ नागरिक संघाला परिसरात 500 झाडं लावायची आहेत. यासाठी कोणता संशोधन निधी मिळेल?

काका, कोणताच नाही. झाडं लावणं हे लागवडीचं काम आहे, त्याला संशोधन म्हणून पैसे मागितले तर अर्ज पहिल्या चाळणीतच जाईल. महापालिका वृक्ष उपकर वसूल करते. वृक्ष प्राधिकरणाकडे आणि तुमच्या नगरसेवकाकडे हक्काने मागा. मागताना रोपांपेक्षा पाण्याचा टँकर आणि तीन उन्हाळे सांभाळणारा माणूस मागा. रोपं काय, कोणीही देतं.

ठाण्यात आमची छोटी संस्था आहे, नोंदणी होऊन दोन वर्षं झाली. अमेरिकेतला ‘ट्री फंड’ जगभरातल्या संशोधनाला पैसे देतो असं कळलं. आमच्या ओळखीच्या एका मोठ्या संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची नोंदणी, आहे. त्यांच्या खात्यावर पैसे घेऊन आम्ही काम करू शकतो का?

तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग आधी घेते, कारण त्यात माणसं अडकतात. नाही, करू शकत नाही. 2020 च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी घेतलेल्या संस्थेला ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, दुसऱ्या संस्थेकडे स्वतःचं एफसीआरए असलं तरीही. ‘पूर्वी सगळे करायचे’ हे खरं आहे, पण आता ते दोघांच्याही अंगाशी येईल. तुमच्या स्वतःच्या नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी आणि त्या तीन वर्षांत मुख्य कामावर 15 लाख रुपये खर्च केलेला असा सर्वसाधारण नियम आहे. त्यात तुम्ही बसत नसाल तर विशिष्ट देणगीदार, विशिष्ट प्रकल्प आणि विशिष्ट रक्कम यांसाठी पूर्वपरवानगी मागता येते. देणगीदाराचं पत्र आधी हातात लागतं. दोन्ही बाबतींत पैसे पहिल्यांदा दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवेत, आणि प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांच्या आत. हे सगळं जमवायला सनदी लेखापाल चांगला लागतो, आणि तो फुकट नसतो.

आता ट्री फंडाविषयी. ही झाडांच्या निगेच्या व्यवसायातूनच उभी राहिलेली संस्था आहे, 2002 मध्ये दोन जुन्या निधींचं एकत्रीकरण होऊन झाली. ‘टूर द ट्रीज’ नावाची लांब पल्ल्याची सायकलफेरी 1992 पासून चालते, झाडावर चढणारी, करवत चालवणारी माणसं सायकल मारून त्यातून तिच्यासाठी पैसे गोळा करतात. त्यामुळे प्रस्ताव वाचताना ‘याचा झाड सांभाळणाऱ्याला काय फायदा?’ हाच प्रश्न तिथे पहिला येतो. वेगवेगळ्या नावांच्या योजना आहेत. आपल्यासारख्यांनी बघायची ती जॅक किमेल यांच्या नावाची आंतरराष्ट्रीय योजना, जास्तीत जास्त 10,000 डॉलरची. जॉन डुलिंग यांच्या नावाची योजना नव्या कल्पनेला बी-भांडवल म्हणून आहे, हायलँड जॉन्स यांच्या नावाची मोठ्या कामांसाठी. तारखा आणि अटी दरवर्षी त्यांच्या संकेतस्थळावर बघायच्या. संस्थेच्या भाड्याला, वीजबिलाला ते पैसे देत नाहीत, म्हणजे कार्यालय चालवायला या निधीचा उपयोग नाही.

तुमच्या जागी मी असते तर परदेशाच्या मागे लागण्याआधी कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीकडे गेले असते. कंपनी कायद्याच्या परिशिष्ट सातमध्ये पर्यावरण आहेच. सीएसआर-1 चा फॉर्म भरून नोंदणी क्रमांक घ्या, आयकर खात्याची 12ए आणि 80जी ही नोंदणी तुमच्याकडे असेल असं धरते. कंपन्यांना लागवडीचे फोटो आवडतात हे ठाऊक आहे. त्यांना सांगा, गेल्या पाच वर्षांत तुमच्या पैशांनी लावलेली झाडं किती जगली ते आम्ही मोजून देतो : कोणत्या जातीची, किती फुटांचं रोप होतं, खड्डा केवढा होता, पिंजरा होता का, आणि आज काय आहे. एक-दोन कंपन्या हे ऐकूनच फोन बंद करतील. तिसरी ज्या अर्थी ऐकून घेईल, त्या अर्थी तिला खरंच कळून घ्यायचंय, तिच्याकडे जा.

ताई, मी विरारचा. पावसाळ्याआधीच्या छाटणीला ठेकेदाराकडे झाडावर चढतो. बारावी झालोय. साहेब लोक सांगतात फांदी खोडाला लावून सपाट काप. पण मी बघतोय, सपाट कापलेल्या गुलमोहराला तिथेच पोकळ पडते. थोडी खुंटी ठेवली तर ती वाळते आणि त्यावर अळंबी येते. बरोबर कसं कापायचं हे शोधायला माझ्यासारख्याला कोणी पैसे देईल का?

दादा, या महिन्यातलं सगळ्यात चांगलं पत्र तुमचं आहे. तुम्ही जे बघितलंत त्याच गोष्टीवर अमेरिकेच्या वन सेवेतले ॲलेक्स शायगो नावाचे शास्त्रज्ञ आयुष्यभर काम करत होते. त्यांनी हजारो झाडं करवतीने उभी चिरली आणि आत कूज कशी पसरते ते दाखवलं. त्यांचं म्हणणं असं की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंती घालतं आणि नवी वाढ त्याच्या बाहेरून करतं. फांदी खोडाला मिळते तिथे जो सुजल्यासारखा गोल कडा असतो, त्यात ही भिंत घालायची ताकद असते. सपाट कापलंत तर तो कडाच निघून जातो. खुंटी ठेवलीत तर मेलेलं लाकूड कुजत बसतं आणि कड्याला ते झाकता येत नाही. म्हणून काप कड्याच्या अगदी बाहेर, कड्याला धक्का न लावता. तुमचे दोन्ही अनुभव यात बरोबर बसतात.

मग शोधायचं काय उरलं? त्यांचं काम थंड देशातल्या झाडांवर झालं. वसई-विरारच्या दमट हवेत, चार महिने धो धो पाऊस झेलणाऱ्या गुलमोहराचं, सोनमोहराचं, पर्जन्यवृक्षाचं काय होतं, कड्याबाहेरचा काप किती वेगाने मिटतो, हे आपल्या झाडांवर मोजलं तर ठेकेदाराच्या करारात तसं कलम घालता येईल. दुसरं, कापलेल्या जागी आपण बोर्डो पेस्ट फासतो, कुठे गेरू, कुठे नुसता डांबरासारखा काळा रंग. शायगोंच्या मते जखमेवरच्या रंगाने कूज थांबत नाही. आपल्याकडे थांबते का? एकाच झाडावर सारख्या जाडीच्या फांद्या घ्या, काही कड्याबाहेर कापा, काही आजवर कापत आलात तशा, निम्म्यांना पेस्ट लावा, निम्म्या तशाच सोडा. प्रत्येकीला ॲल्युमिनियमचा बिल्ला. दोन पावसाळे झाल्यावर नव्या सालीची गोल कड किती मिलिमीटर आत सरकली ते व्हर्नियरने मोजा. चढायचं तुम्हालाच आहे, म्हणून झाड कितीही उंच असलं तरी फांद्या हाताशी येतील अशाच निवडा.

तुमच्या एकट्याच्या नावाने अर्ज करणं अवघड जाईल, कारण निधी देणाऱ्याला पैसे ठेवायला संस्था आणि हिशेब लागतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठात वनशास्त्र महाविद्यालय आहे, किंवा तुमच्या जवळच्या महाविद्यालयातला वनस्पतिशास्त्र विभाग चालेल. एखाद्या प्राध्यापकांना मुख्य संशोधक करा आणि स्वतःचं नाव सहसंशोधक म्हणून घालायला सांगा. ‘फील्ड असिस्टंट’ म्हणाले तर नम्रपणे हट्ट धरा. तुमच्या चढाईची मजुरी, दोर, हार्नेस, हेल्मेट आणि विमा हे सगळं अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीत आलं पाहिजे. वर ज्या ट्री फंडाचा उल्लेख केला, त्यात झाडावर सुरक्षित काम करायच्या पद्धतींसाठीही वेगळा निधी आहे. हेल्मेटशिवाय, कमरेला नारळाच्या झाडाचा दोर बांधून चढणारी माणसं तुम्ही रोज बघता, तोही एक प्रस्ताव आहे.

एक सांभाळा. 1975 च्या कायद्यात ‘वृक्ष तोडणे’ यात झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणंही धरलेलं आहे. संशोधनासाठी म्हणून कापलेली फांदीसुद्धा वृक्ष अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय कापू नका. जी छाटणी पालिकेने तशीही मंजूर केली आहे, त्यातच हे प्रयोग बसवा.

मी छत्रपती संभाजीनगरला पीएच.डी. करतेय, विषय रस्त्यावरची पडणारी झाडं. मार्गदर्शक म्हणतात प्रस्ताव तू लिही. अंदाजपत्रकात काय घालायचं? ध्वनिलहरींनी खोडाची पोकळी बघायचं यंत्र मागू का?

यंत्र मागू नका. सोनिक टोमोग्राफ काही लाखांचं येतं. समिती तो आकडा बघून विचारते, तुमचं काम संपल्यावर ते कोण वापरणार? याचं उत्तर सहसा नसतं. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून भाड्याने किंवा सहकार्याने वापरा. बाकी पडलेल्या झाडाचा अभ्यास करायला टेप, उंची मोजायचा क्लिनोमीटर, मातीचा कोअर काढायचं नळकांडं, लाकडी हातोडा आणि फोन पुरतो.

तुमची खरी खाण अग्निशमन दलाच्या कार्यालयात आहे. झाड पडलं की पहिला फोन तिथे जातो, आणि वर्दीच्या रजिस्टरला तारीख, वेळ, ठिकाण असतं. वळीवाचे दिवस आणि पावसाळ्याचा पहिला आठवडा यांतल्या नोंदी हवामान खात्याच्या वाऱ्याच्या नोंदींशी लावून बघा. मग त्या रस्त्यावर आदल्या वर्षी केबलसाठी किंवा गटारासाठी खोदाई झाली होती का, हे बांधकाम विभागाच्या खोदाई परवान्यांतून काढा. सरळ मागून मिळालं नाही तर माहिती अधिकार. मुळं एका बाजूने तोडलेली झाडं जास्त पडतात असं आपण सगळेच म्हणतो; तुम्ही तीन कार्यालयांचे कागद एकत्र ठेवलेत तर ते म्हणणं कोर्टात टिकेल. हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवायला सांगितलं होतं, तशा आदेशांना लागतो तो असा पुरावा.

आकड्यांचं : सगळ्यात मोठी ओळ माणसाची असते. केंद्राच्या 2023 च्या दराने जेआरएफला, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्राला, महिना 37,000 रुपये, वर घरभाडे भत्ता. वर्षाचे साडेचार लाख तिथेच गेले. माणूस नको असेल, तुम्ही स्वतःच करणार असाल, तर बार्टी, सारथी किंवा महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीला तुम्ही पात्र आहात का ते बघा आणि प्रकल्पातून फक्त प्रवास आणि साहित्य मागा. छोटा प्रस्ताव लवकर मंजूर होतो. प्रवास खर्च रुपयांत टाकू नका, ‘इतके दिवस, इतकी ठिकाणं, रिक्षाने किंवा बसने’ असा फोडून दाखवा. केंद्राचा पैसा असेल तर खरेदी सरकारच्या जेम या खरेदी पोर्टलवरून, आणि दर वर्षी जीएफआर 12-ए या नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र. ते वेळेत गेलं नाही की पुढचा हप्ता अडतो. महाविद्यालयाच्या लेखापालांना प्रस्ताव पाठवायच्या आधीच चहा पाजा, मंजुरीनंतर तुमची गाठ त्यांच्याशीच आहे.

आणि वेळापत्रक. पैसे जूनमध्ये येतील असं धरून लिहू नका, ते ऑक्टोबरमध्ये येतात आणि पहिला पावसाळा हातचा जातो. पहिले सहा महिने कागदांचं आणि मातीचं काम ठेवा, जे कोणत्याही ऋतूत सुरू करता येईल.

मी मूळचा पुण्याचा, सध्या व्हँकुव्हरला शहरी वनीकरणात मास्टर्स करतोय. उन्हाळ्यात पुण्यात येऊन प्रबंधासाठी काम करायचं आहे. इथल्या विद्यापीठातून प्रवासाचे पैसे मिळतील. पानांचे आणि लाकडाचे नमुने इथे आणून तपासेन. झाडांच्या फायद्यांचा हिशेब करणारं आय-ट्री हे सॉफ्टवेअर वापरायचा विचार आहे. काही अडचण?

प्रवासाच्या पैशांची नाही, नमुन्यांची आहे. जैवविविधता कायदा 2002 परदेशी नागरिकांना तर लागू आहेच, पण आयकर कायद्याप्रमाणे जो भारतीय नागरिक अनिवासी ठरतो त्यालाही लागू आहे. तुम्ही पासपोर्ट दाखवून ‘मी भारतीयच’ म्हणालात तरी संशोधनासाठी इथलं जैविक साहित्य घ्यायला चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आधी मंजुरी लागते. केंद्र सरकारने मान्य केलेल्या संस्थात्मक सहकार्य प्रकल्पांना यातून सूट आहे, म्हणून पुण्यातल्या एखाद्या संस्थेशी तुमच्या विभागाचा असा करार आहे का ते आधी विचारा. नसेल तर नमुने इथल्याच प्रयोगशाळेत, इथल्या भागीदाराकडून तपासून घ्यायची योजना करा. तुमच्या प्राध्यापकांनाही हे लेखी कळवा, नाहीतर प्रबंध छापायच्या वेळी नियतकालिक परवानगीचा क्रमांक मागतं आणि पंचाईत होते.

आय-ट्री अमेरिकेच्या वन सेवेचं, फुकट मिळणारं आणि चांगलं आहे, पण त्यातली वाढीची आणि पानांच्या क्षेत्रफळाची समीकरणं बरीचशी तिकडच्या झाडांवरची आहेत. आपला वड किंवा नांद्रुक त्यात टाकला की उत्तर दशांशापर्यंत येतं आणि तेवढंच फसवं असतं. प्रबंधाचा विषय म्हणून मी उलट हेच सुचवेन : पुण्यातल्या चार-पाच जातींची पानं, घेर आणि पर्णसंभार प्रत्यक्ष मोजून आय-ट्रीचा अंदाज किती चुकतो ते दाखवा. त्यासाठी लागणारी मोजणी इथेच होते, लाकूड विमानात न्यावं लागत नाही. पुण्याच्या वृक्षगणनेत झाडांची ठिकाणं नकाशावर घेतलेली आहेत, त्यामुळे झाडं निवडायला महिना जाणार नाही.

पानं तोडायला उद्यान विभागाची परवानगी लागेल, अर्ज मार्चच्या आत द्या. एप्रिल-मे मध्ये ते सगळे पावसाळापूर्व छाटणीत असतात, कोणी फोन उचलत नाही. प्राधिकरणाचा अर्ज तर आजच ऑनलाइन भरायला घ्या. विमानाचं तिकीट मंजुरी हातात आल्यावर काढा.